प्रथिन उलगडते कसे, हे भाकितातून दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील प्रथिनांच्या रचनेविषयीचा लेख वाचला. प्रथिनांवरील संगणकीय कामासाठी डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालेले २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल, वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या आज कोणालाही पाहता येणाऱ्या भाकीत रचना, आणि अमिनो आम्लांचा क्रम दिला की थोड्याच वेळात हाती येणारे त्रिमितीय चित्र, हे सगळे त्यात नेमकेपणाने आले आहे. मात्र रचनेचा प्रश्न सुटल्यामुळे प्रयोगशाळेतील जुनी मोजमापे आता इतिहासजमा होतील, अशा अर्थाचा जो निष्कर्ष लेखाच्या ओघात काढला आहे, तो मला मान्य नाही. प्रथिनांच्या इन्फ्रारेड वर्णपटांशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती वाटेल. तरीही ते सविस्तर मांडतो आहे, कारण हा समज एका लेखापुरता नाही.

भाकितातून मिळते ती एक स्थिर, सुबक घडी. द्रावणातले प्रथिन इतके शांत नसते. त्याचे काही भाग क्षणभर सुटतात आणि पुन्हा जागेवर बसतात. तापमान वाढवले, आम्लता बदलली किंवा त्याच्यातले पाणी काढून घेतले की ते उलगडू लागते, आणि उलगडलेले रेणू अनेकदा एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. कोणता भाग आधी सुटतो, किती वेळात सुटतो, सुटलेला भाग परत पूर्वीसारखा बसतो की नाही, या प्रश्नांची उत्तरे एका चित्रात मावत नाहीत. त्यासाठी उलगडणे चालू असतानाच प्रथिनाकडे बघावे लागते, आणि तसे बघण्याची जी मोजकी साधने आहेत त्यांत इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी हे बरेच जुने, तुलनेने स्वस्त आणि काहीसे दुर्लक्षित साधन आहे.

तिचे तत्त्व समजायला अवघड नाही. प्रथिनाच्या साखळीत अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध पुन्हा पुन्हा येतो आणि अशा प्रत्येक जोडाशी कार्बन व ऑक्सिजन यांच्यातला एक दुहेरी बंध असतो. हा दुहेरी बंध सेकंदाला सुमारे पन्नास लाख कोटी वेळा आखडतो आणि ताणला जातो, आणि त्याच वारंवारतेचा, म्हणजे सुमारे सहा मायक्रोमीटर तरंगलांबीचा, इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेतो. या क्षेत्रात तरंगलांबीऐवजी एका सेंटिमीटरमध्ये किती तरंग बसतात ती तरंगसंख्या सांगण्याची पद्धत आहे. त्या मापात हे शोषण १६०० ते १७०० या पट्ट्यात येते आणि त्याला ॲमाइड-१ पट्टा म्हणतात. अल्फा हेलिक्समध्ये, म्हणजे मळसूत्रासारखी, गुंडाळलेली साखळी साधारण १६५० ते १६५८ च्या दरम्यान शोषण करते, बीटा शीटमधील, म्हणजे शेजारी शेजारी लागून चादरीसारखी पसरलेली, साखळी १६२० ते १६४० च्या दरम्यान, तर निश्चित घडी नसलेली साखळी १६४५ च्या आसपास.

बंध तोच, अणू तेच, मग हा फरक येतो कुठून? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर हायड्रोजन बंध एवढेच दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. हायड्रोजन बंध जितका घट्ट तितकी तरंगसंख्या खाली सरकते, हे खरे; परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की शेजारशेजारचे दुहेरी बंध स्वतंत्रपणे कंप पावत नाहीत. एकाच्या कंपनाचा विद्युतपरिणाम दुसऱ्यापर्यंत पोहोचतो, आणि ते एकमेकांच्या सापेक्ष कोणत्या दिशेने व किती अंतरावर रचलेले आहेत त्यावर सगळ्या समूहाचे सामायिक कंपन ठरते. म्हणूनच बीटा शीटमध्ये साखळ्यांची संख्या वाढत गेली आणि शीट अधिक सपाट होत गेली की तिचे शोषण आणखी खाली जाते. वर्णपटात दिसते ती एखाद्या बंधाची जागा नव्हे, तर बंधांच्या रांगांची मांडणी. उलगडण्याच्या अभ्यासात या पट्ट्याचा जो उपयोग होतो त्याचे मूळ इथे आहे, कारण उलगडताना सर्वांत आधी बिघडते ती मांडणीच.

ही जाण आजची नाही. एलियट आणि ॲम्ब्रोज यांनी साखळीची घडी आणि या पट्ट्याची जागा यांचा संबंध १९५० मध्येच दाखवून दिला होता. पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन यांनी अल्फा हेलिक्सची प्रतिकृती मांडली ती त्यानंतरच्या वर्षी. म्हणजे रचनेचे चित्र हाती येण्याआधीच रचनेतला फरक वर्णपटात नोंदला गेला होता. पुढे संगणक आले, फूरिए रूपांतरावर चालणारी उपकरणे आली आणि पूर्वी वेळखाऊ असलेला वर्णपट मिनिटाभरात मिळू लागला.

तरीही हे तंत्र मागे का राहिले, याचे एक मोठे कारण पाणी आहे. पाण्याच्या रेणूचे वाकण्याचे कंपन नेमके १६४५ च्या आसपास, म्हणजे ॲमाइड-१ च्या ऐन मध्यावर शोषण करते. साध्या पाण्यातल्या प्रथिनाचा वर्णपट घ्यायचा तर कॅल्शियम फ्लोराइडच्या दोन चकत्यांमध्ये द्रावणाचा जेमतेम सहा ते दहा मायक्रोमीटर जाडीचा थर धरावा लागतो, आणि तेव्हाही मिलिलिटरला दहा मिलिग्रॅम प्रथिन असले तरी त्याचे शोषण पाण्याच्या शोषणाच्या दोन-तीन टक्केच भरते. उरलेले सगळे वजा करायचे. ही वजाबाकी बरोबर झाली की नाही, हे प्रथिनाच्या पट्ट्याकडे बघून ठरवायचे नसते. १७५० ते २००० या दरम्यान, जिथे प्रथिनाचे काहीच शोषण नसते, तिथे रेषा सपाट आली का, यावरून ठरवायचे असते. शिवाय उपकरणातल्या हवेत थोडी जरी वाफ राहिली तरी तिचे बारीक काटे याच भागात उमटतात. नमुन्याचा कप्पा उघडून बंद केल्यावर कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडत बराच वेळ थांबावे लागते, आणि नवख्या विद्यार्थ्याचा सगळ्यात जास्त धीर इथेच सुटतो.

जड पाणी, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असलेले पाणी, वापरले की बरीच सुटका होते. त्याचे वाकण्याचे कंपन १२१० च्या आसपास असल्याने ॲमाइड-१ ची खिडकी मोकळी राहते आणि थराची जाडी पन्नास मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे एखाद्या बारीक केसाइतकी, वाढवता येते. मात्र जड पाणी गुपचूप बसत नाही. साखळीतील नायट्रोजनला जोडलेले हायड्रोजन निघून त्यांच्या जागी ड्युटेरियम येऊ लागते. ॲमाइड-१ पाच ते दहा एकक खाली सरकतो आणि १५५० जवळचा, मुख्यतः नायट्रोजन-हायड्रोजन बंधाच्या वाकण्यातून येणारा ॲमाइड-२ पट्टा तर जवळपास शंभर एकक खाली, १४५० कडे जातो. ही अडचणही आहे आणि संधीही. प्रथिनाच्या आतल्या, घट्ट घडीत दडलेल्या हायड्रोजनांपर्यंत जड पाणी सहज पोहोचत नाही, त्यामुळे १५५० चा थोडा अवशेष तासन्‌तास, कधी कधी दिवसेंदिवस टिकून राहतो. तो ज्या वेगाने मावळतो त्यावरून घडी किती वेळा क्षणभर उघडते याचा अंदाज बांधता येतो. वरवर अगदी स्थिर दिसणारे प्रथिन प्रत्यक्षात श्वास घेतल्यासारखे उघडझाप करत असते, याचा पुरावा या एका मावळत्या पट्ट्यात मिळतो, आणि तो कोणत्याही स्थिर चित्रात नसतो.

प्रत्यक्ष उलगडणे कसे दिसते, ते रायबोन्यूक्लिएज-ए या प्रथिनावर सांगतो. यात १२४ अमिनो आम्ले आणि गंधकाचे चार जोड आहेत. उलगडलेले प्रथिन आपल्या क्रमाच्या बळावर पुन्हा घडी घालते, हे ख्रिश्चन अन्फिन्सन यांनी यावरच दाखवले आणि त्यांना १९७२ चे नोबेल मिळाले. हे प्रथिन जड पाण्यात घेऊन तापमान एकेक-दोन-दोन अंशांनी वाढवत प्रत्येक टप्प्यावर वर्णपट घेतला, तर सुरुवातीला १६३२ च्या जवळ बीटा शीटचा ठळक उंचवटा असतो. पन्नास अंशांपर्यंत फारसे काही घडत नाही. उंचवटा किंचित वर सरकतो, कारण तापमानाबरोबर हायड्रोजन बंध सैल होतात, आणि या नैसर्गिक सरकण्याला उलगडणे समजण्याची घाई करायची नसते. साठ अंशांच्या आसपास मात्र काही अंशांच्या आतच १६३२ चा उंचवटा खचतो आणि त्याच्या जागी १६४५ ते १६५० च्या भागात एक पसरट टेकाड तयार होते. थंड केले की १६३२ परत येतो. तापमानाच्या प्रत्येक टप्प्यावरचे वर्णपट एकावर एक ठेवले आणि ते सगळे एकाच बिंदूतून जाताना दिसले, तर प्रथिन घडी घातलेले आणि उलगडलेले अशा दोनच अवस्थांमध्ये वावरते असे मानायला जागा असते. बिंदू ढळला, किंवा बीटाचा उंचवटा एका तापमानाला खचला आणि हेलिक्सचा दुसऱ्या, तर मध्ये आणखी काहीतरी आहे. मला विचाराल तर या तंत्राची खरी किंमत अशा न जुळणाऱ्या वक्रांमध्ये आहे.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा. उलगडल्यावर जड पाणी आतपर्यंत शिरते आणि उरलेले हायड्रोजनही बदलले जातात, त्यामुळे पहिल्यांदा तापवताना पट्ट्याचे जे सरकणे दिसते त्यात घडी मोडल्याचा आणि ड्युटेरियम बसल्याचा, असे दोन्ही परिणाम मिसळलेले असतात. रायबोन्यूक्लिएजसारखे परत घडी घालणारे प्रथिन असेल तर ते एकदा जड पाण्यात तापवून थंड करून घ्यायचे आणि मगच मोजायला घ्यायचे. ज्या प्रथिनांच्या बाबतीत ही सोय नाही त्यांच्यावरचे निष्कर्ष अधिक सावधपणे वाचावे लागतात.

पुष्कळ प्रथिने परत येतच नाहीत. तापवल्यावर त्यांच्या वर्णपटात १६१८ च्या आसपास एक टोकदार उंचवटा आणि १६८४ च्या जवळ त्याचा छोटा जोडीदार उगवतो. ही जोडी दिसली की समजावे, वेगवेगळ्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना उलट दिशेने (प्रतिसमांतर) लागून त्यांच्यात नव्याने बीटा शीट तयार झाली आहे. मूळ घडीतल्या बीटापेक्षा ही मांडणी लांब, सपाट आणि घट्ट असते, म्हणून तिचे शोषण इतके खाली जाते. आम्लधर्मी द्रावणात इन्सुलिन तापवत ठेवले तर हेलिक्सप्रधान रचनेचा १६५५ जवळचा उंचवटा हळूहळू ओसरतो आणि तंतू बनताना १६२८ च्या आसपास नवा उंचवटा येतो. मेंदूच्या काही आजारांत आढळणारे ॲमिलॉइड तंतूही याच भागात शोषण करतात. द्रावण गढूळ झाले, जेलीसारखे थिजले किंवा तळाशी साका बसला तरी मोजमाप थांबत नाही. प्रकाशाच्या विखुरण्यामुळे इतर अनेक पद्धती ज्या टप्प्यावर हात टेकतात, तिथून पुढेही इन्फ्रारेड चालू राहते.

वेगाचा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो. दुहेरी बंधाचे एक कंपन सेकंदाच्या पन्नास लाख कोटीव्या भागात पूर्ण होते, त्यामुळे प्रथिनातली कोणतीही हालचाल या मोजमापाला फार जलद ठरत नाही. अडचण असते ती उलगडणे एका क्षणी सुरू करून देण्याची. ती १९९० च्या दशकात लेझरने सुटली. दोन मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा, काही नॅनोसेकंद टिकणारा झोत जड पाण्यावर टाकला की द्रावणाचे तापमान तेवढ्याच वेळात दहा-वीस अंशांनी चढते, आणि उष्णता पसरून जाण्याआधी मिलिसेकंदाच्या घरात वेळ हाताशी राहतो. त्या अवधीत दुसरा इन्फ्रारेड किरण ॲमाइड-१ मधला बदल टिपत राहतो. अशाच प्रयोगातून १९९६ मध्ये एका छोट्या पेप्टाइडमधील (अमिनो आम्लांच्या आखूड साखळीतील) अल्फा हेलिक्स दोनशे नॅनोसेकंदांच्या आत सुटतो, हे दिसले. घडी पडण्याचा पहिला टप्पा इतका जलद असू शकतो, हे तोपर्यंत प्रत्यक्ष मोजले गेले नव्हते.

त्यानंतर १९९८ मध्ये हॅम, लिम आणि हॉकस्ट्रासर यांनी ॲमाइड-१ पट्ट्यावर फेम्टोसेकंदांचे झोत वापरून द्विमितीय इन्फ्रारेडचा पाया घातला. साध्या वर्णपटात जे उंचवटे एकमेकांत मिसळतात ते इथे नकाशासारखे दोन अक्षांवर पसरतात, आणि कोणते कंपन कोणत्या कंपनाशी जोडलेले आहे ते कर्णाबाहेरच्या ठिपक्यांवरून कळते. तापमानाच्या उडीशी हे तंत्र जोडून युबिक्विटिनसारख्या प्रथिनाची बीटा शीट कशी सुटत जाते, हेही पाहण्यात आले आहे.

ही बाजू इतकी मांडल्यावर दुसरीही मांडली पाहिजे, कारण या तंत्राची बदनामी त्याच्या शत्रूंपेक्षा त्याच्या उत्साही मित्रांनी अधिक केली आहे. ॲमाइड-१ मधले वेगवेगळे घटक एकमेकांपासून जितके दूर असतात त्याहून ते रुंद असतात. परिणामी प्रत्यक्षात दिसते ते एकच बोजड टेकाड. त्याचे गणिताने सहा-सात तुकडे करून ‘हेलिक्स ३८.४ टक्के, बीटा २७.१ टक्के’ असे दशांशापर्यंतचे आकडे छापण्याची खोड अजून गेलेली नाही. असे तुकडे अनेक प्रकारे पाडता येतात आणि प्रत्येक वेळी बेरीज सारखीच सुंदर जुळते. पाच-दहा टक्क्यांची चूक गृहीत धरावीच लागते, आणि म्हणून एकाच नमुन्यातला बदल सांगताना हे तंत्र जितके भरवशाचे, तितके एका नमुन्याची निखळ टक्केवारी सांगताना नाही. वर्णपटाचे दुसरे अवकलन काढून उंचवटे शोधण्याची रीत उपयोगी आहे खरी, पण ती वाफेचे काटेही तितक्याच निष्ठेने मोठे करून दाखवते.

याशिवाय काही सापळे अगदी घरगुती स्वरूपाचे आहेत. अमिनो आम्लांच्या बाजूच्या शाखाही याच भागात शोषण करतात. आर्जिनिनचे १५८६ आणि १६०८ जवळचे उंचवटे कित्येकदा गुठळीचे लक्षण म्हणून वाचले जातात. प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेप्टाइडमध्ये शुद्धीकरणातून ट्रायफ्लोरोॲसिटेट उरते आणि त्याचा १६७३ चा ठसठशीत पट्टा साखळीच्या वळणाचा पुरावा म्हणून मिरवला जातो. उलगडण्यासाठी नेहमी वापरली जाणारी युरिया आणि ग्वानिडिनियम ही रसायने स्वतःच ही खिडकी झाकून टाकतात, म्हणून इथे उष्णतेवर भर असतो किंवा कार्बन-१३ असलेला युरिया वापरावा लागतो.

साखळीतली नेमकी कोणती जागा सुटली, हे साधा वर्णपट सांगत नाही, ही त्याची मूळ मर्यादा. तीवर समस्थानिकांचा उपाय आहे. हव्या त्या अमिनो आम्लात कार्बन-१२ च्या जागी कार्बन-१३ बसवला की त्या एका बंधाचे शोषण सुमारे चाळीस एकक खाली येते आणि गर्दीतून बाहेर पडते. ऑक्सिजन-१८ ही जोडला तर आणखी खाली. छोट्या हेलिक्समध्ये अशी खूण कधी मध्यावर, कधी टोकाला बसवून पाहिले असता टोके कमी तापमानाला सुटतात आणि मधला भाग नंतर, हे स्पष्ट दिसते. पेप्टाइडच्या बाबतीत हे सोपे आहे. मोठ्या प्रथिनात एकाच जागी खूण बसवणे खर्चिक आणि चिकाटीचे काम आहे. भाकीत केलेल्या रचनांचा खरा उपयोग मला इथे दिसतो. खूण कुठे बसवायची, हे ठरवायला असे चित्र फार मोलाचे आहे, आणि त्या रचनेवरून अपेक्षित वर्णपट काढून तो मोजलेल्या वर्णपटाशी ताडून पाहता येतो. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे पुढच्या प्रयोगाची दिशा मिळते.

लेखात औषधनिर्मितीचा उल्लेख आला आहे, म्हणून त्याविषयी थोडे. प्रतिपिंडांसारखी प्रथिन-औषधे टिकावीत म्हणून ती अनेकदा गोठवून वाळवतात, आणि वापरताना पुन्हा पाण्यात विरघळवतात. वाळवताना प्रथिनाभोवतीचे पाणी जाते आणि त्याच्याशी असलेले हायड्रोजन बंध तुटतात. इन्फ्रारेडला नमुना द्रावणात आहे की कोरड्या भुकटीत, याने फरक पडत नाही; एकाच प्रथिनाचा वर्णपट वाळवण्यापूर्वी, वाळल्यावर आणि पुन्हा विरघळवल्यावर घेता येतो. सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज न घालता वाळवलेल्या पुष्कळ प्रथिनांच्या भुकटीत बीटाचा नवा उंचवटा दिसतो, आणि पुरेशी शर्करा घातली असेल तर भुकटीचा वर्णपट द्रावणातल्या वर्णपटाशी बराचसा जुळतो, कारण गेलेल्या पाण्याच्या जागी शर्करेचे रेणू हायड्रोजन बंध पुरवतात. शर्करा किती घालायची, ती कोणती असावी आणि साठवणीच्या तापमानाला महिनोन्‌महिने तो उंचवटा वाढतो का, हे प्रत्येक प्रथिनासाठी वेगळे असते आणि दर वेळी मोजूनच ठरवावे लागते.

आपला विश्वासू,
एक वाचक